मुळीतली बुरशी : उसाचा अडचणीतला सोबती



लागणीचे दिवस जवळ आले की आमच्या गट ऑफिसच्या टेबलावर पुड्या आणि बाटल्या जमू लागतात. सभासद येतात, पिशवीतून पुडी काढून समोर ठेवतात आणि विचारतात, "साहेब, हे व्हॅम का काय म्हणत्यात, ते टाकावं का? खारपड रानाला लई चांगलं म्हणून सांगितलंय." विचारणारा घाईत असतो, बाहेर गाडी उभी असते, आणि त्याला 'टाका' किंवा 'नका टाकू' एवढेच ऐकायचे असते. आम्हीही एकदा अशाच घाईत 'टाका' म्हणून मोकळे झालो. त्यात एका सभासदाचे पैसे गेले आणि एक हंगामही गेला. ती हकिगत खाली सांगणारच आहोत, कारण चूक आमची होती आणि ती दुसऱ्या कोणाच्या रानात पुन्हा घडू नये. पण त्याआधी ही बुरशी आहे तरी कोण, मुळीत शिरून ती करते काय, आणि दुष्काळ, पूर व क्षार या आपल्या तीन दुखण्यांत तिचा उपयोग कुठवर होतो, हे नीट पाहू.

तीन दुखणी म्हणतो ते उगीच नव्हे. आपल्या एका मिरज तालुक्यात ती तिन्ही नांदतात. पश्चिमेला कृष्णा-वारणेच्या बाजूने कवठेपिरान, दुधगाव, समडोळी, कसबे डिग्रज ही काळ्याभोर खोल जमिनीची गावे. तिथे पाणी भरपूर, निचरा कमी. पूर्वेला आरग, बेडग, सलगऱ्याकडे गेलो की माळ, मुरूम, आणि १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणारी वडीलधारी माणसे. म्हैसाळ योजनेचे पाणी पोचले तसा तिकडेही ऊस दिसू लागला, पण आवर्तन लांबले की उभे पीक माना टाकते. एप्रिल २०१६ मध्ये मिरज स्टेशनातून रेल्वेच्या वाघिणी भरून लातूरला पिण्याचे पाणी गेले, ते साऱ्या देशाने पाहिले. त्याच मिरजेपासून थोड्या अंतरावर पाणी जास्त झाल्यामुळे पांढरी पडलेली राने आहेत. ती पाहायला मात्र कोणी फिरकले नाही.

आता बुरशीकडे वळू. बुरशी म्हटले की आपल्याला काणी आठवते, तांबेरा आठवतो, बेण्याचा अननस रोग आठवतो. ही बुरशी त्या जातीची नव्हे. ती मुळीत शिरते, पण मुळी कुजवत नाही. झाडांच्या मुळांवर अशी जोडी पाहून फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली तिला 'मायकोरायझा' हे नाव दिले. ग्रीक शब्द आहे. मायको म्हणजे बुरशी आणि रायझा म्हणजे मूळ. पुढे शेतातल्या बहुतेक पिकांत तिचा जो प्रकार सापडला त्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'व्हॅम' म्हणू लागले. शास्त्रज्ञांनी ते नाव आता बहुतांशी सोडले आहे, दुकानदारांनी धरून ठेवले आहे. स्कॉटलंडमध्ये रायनी नावाच्या गावी सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पती दगडात जशाच्या तशा राहिल्या आहेत, त्यांच्यातही ही बुरशी दिसते. वनस्पती जमिनीवर राहायला आल्या त्या काळापासूनची ही संगत आहे. तेव्हा ती पुडीतूनच येते असे कोणी समजू नये. आपल्या रानात, बांधावरच्या हराळीत, जोंधळ्याच्या मुळीत ती आधीपासून आहे.

तिचे काम असे चालते. मुळीच्या आत, पेशीत शिरून ती बारीक झुडपासारखी फांद्या-फांद्यांनी पसरते. देण्याघेण्याचा बाजार तिथे भरतो. बाहेर मातीत तिचे तंतू पसरतात. ते मूळरोमाहूनही बारीक असतात आणि मुळी जिथे घुसू शकत नाही अशा फटीत सहज जातात. आपणा सर्वांना ठाऊक आहे की स्फुरद जमिनीत जागचे हलत नाही. युरियातले नत्र पाण्याबरोबर खाली-वर जाते. सुपर मात्र जिथे पडले तिथे चिकटून राहते, आणि आपल्या चुनखडीच्या रानात ते चुन्याशी बांधले जाते. मुळी आपल्या अंगालगतच्या एक-दोन मिलिमीटरांतले स्फुरद ओढून घेते आणि मग उपाशी राहते. बुरशीचे तंतू त्या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे काही सेंटिमीटरपर्यंत जातात आणि तिथले स्फुरद, जस्त, तांबे मुळीपर्यंत वाहून आणतात.

हे काम ती फुकट करत नाही. मजुरी साखरेत घेते! पीक पानांत जेवढी साखर तयार करते तिच्यातला ४ ते २० टक्क्यांपर्यंतचा हिस्सा बुरशीकडे जातो असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. साखरेबरोबर ती स्निग्ध पदार्थही पिकाकडूनच घेते, हे २०१७ साली सिद्ध झाले. स्वतःला लागणारी चरबी तिला तयार करता येत नाही. म्हणजे जिवंत मुळीशिवाय तिला जगणे नाही. तिच्याकडे एफआरपीची भानगड नाही, दुसरा हप्ता नाही, उधारी तर अजिबात चालत नाही. रोजचा रोज हिशेब. मुळी मेली की बुरशीचे खाते बंद, आणि मग मातीत उरतात ते तिचे बीजाणू आणि सुकलेल्या मुळ्यांचे तुकडे. तेवढ्यावर ती पुढच्या पिकाची वाट पाहते. पुढे जे सांगणार आहोत ते समजायला ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. स्फुरदाची उपासमार झाली की मुळी मातीत एक द्रव्य सोडते. ती बुरशीला मारलेली हाक असते. बुरशीचे तंतू ती हाक ऐकून मुळीकडे फांद्या फोडत येतात. जपानी शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिले. हेच द्रव्य त्याआधी वेगळ्याच कारणाने माहीत होते. जोंधळ्यात आणि काही ठिकाणी आपल्या उसातही जो टारफुला येतो, त्याचे बी याच हाकेने जागे होते. मित्राला मारलेली हाक चोराने ऐकावी तसा प्रकार. गरीब, उपाशी रानात टारफुला जास्त का माजतो, याचे एक कारण यात आहे.

उलट, स्फुरद पोटभर मिळाले की मुळी हाक मारायचे थांबते आणि बुरशीला दारही उघडत नाही. फुकट साखर कोण वाटेल? आपल्याकडे अनेक बागायती रानांच्या माती अहवालात स्फुरदाच्या रकान्यात 'भरपूर' असे लिहून आलेले असते, तरीही लागणीला अठरा-शेहेचाळीसची पोती सवयीने पडतात आणि त्याच सरीत वर व्हॅमची पुडी. एका हाताने बोलावणे आणि दुसऱ्या हाताने दार लावणे असा हा व्यवहार आहे. स्फुरद पुरेसे असलेल्या रानात उसाला या बुरशीचा फारसा फायदा होत नाही, हे विक्रेता सांगत नाही. तेव्हा पुडी घेण्याआधी माती अहवाल काढून बघावा. अहवाल नसेल तर पुडीचे पैसे आधी मातीपरीक्षणाला घालावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग तिची खरी गरज कुठे? तर जिथे मुळीचे एकटीचे बळ पुरत नाही तिथे.

पहिले दुखणे दुष्काळाचे. बुरशी पाणी तयार करत नाही, हे आधी सांगून ठेवतो. पण आपली काळी जमीन सुकली की भेगाळते, भेगेत मुळ्या तुटतात, आणि मुळी व माती यांच्यात पोकळी पडते. तंतू ती पोकळी सांधतात, बारीक छिद्रांत अडकलेल्या ओलीपर्यंत पोचतात. शिवाय माती कोरडी झाली की स्फुरदाची हालचाल आणखी मंदावते; त्या वेळी तंतूंनी आणलेला वाटा मोठा ठरतो. बुरशी असलेले पीक ताण पडल्यावर थोडे उशिरा कोमेजते आणि पाणी मिळाल्यावर लवकर सावरते, असे अनेक पिकांत दिसले आहे. आवर्तन चार दिवस लांबले तर हा फरक कामाचा आहे. महिनाभर लांबले तर कोणतीच बुरशी ऊस वाचवणार नाही.

दुष्काळाची दुसरी बाजू मात्र अधिक महत्त्वाची वाटते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड प्रांतात डार्लिंग डाउन्स नावाचा भाग आहे. जमीन आपल्यासारखीच काळी, चिकण, भेगाळणारी. तिथे पाऊस हुकला की शेतकरी रान वर्षभर किंवा अधिक पडीक ठेवीत, ओल साठावी म्हणून. रानात तणही ठेवीत नसत. पुढच्या वर्षी ओल चांगली असायची, तरी पीक खुजे आणि पिवळट उगवायचे. स्फुरद आणि जस्त कमी पडल्याची लक्षणे दिसायची. विश्रांती घेतलेल्या रानात पीक वाईट का यावे, हे कोडे बरीच वर्षे सुटले नव्हते. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्तर दिले. लांबलेल्या पडिकात जिवंत मुळी नव्हती, म्हणून बुरशी उपाशी मेली होती. स्फुरद रानात होते, आणणारा हमाल गेला होता.

ही गोष्ट आम्हांला कळली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे आपले पूरग्रस्त रान उभे राहिले. ऑगस्ट २०१९ चा पूर कोणी विसरणार नाही. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेले. नदीकाठचा ऊस कित्येक दिवस बुडून राहिला. शेंड्यात गाळ भरला आणि डोळे कुजले. पाणी उतरल्यावर काठावरच्या एका सभासदांच्या वावरात आम्ही गेलो होतो. आम्ही त्यांना तात्या म्हणतो. ऊस काढून टाकण्यावाचून गत्यंतर नव्हते. तात्यांनी रान नांगरून तसेच ठेवले, म्हणाले, "आता याला इसावा देऊ, पुढच्या आडसालीला बघू." वावराच्या एका अंगाला मात्र म्हशींच्या वैरणीची ओढ होती म्हणून त्यांनी चार-पाच सऱ्यांपुरता मका टाकला, तो निघाल्यावर पुन्हा कडवळ केले. बाकीचे रान सप्टेंबरपासून जुलैपर्यंत मोकळे, आणि वर कुळव फिरवून तणसुद्धा साफ.

जुलै २०२० मध्ये सगळ्या वावरात एकच बेणे, एकच खत, एकाच आठवड्यात लागण झाली. सप्टेंबरात तात्यांचा निरोप आला, "साहेब, येऊन बगा, रानाला काय झालंय." मोकळ्या राहिलेल्या भागात फुटवे कमी होते, पाने निळसर हिरवी आणि शेंड्याकडे जांभळट झाक मारणारी. वैरणीच्या पट्ट्यातला ऊस हिरवागार आणि गुडघाभर पुढे. तात्यांना वाटत होते की मक्याने रान खाल्ले असणार, तिथला ऊस मागे राहील. झाले उलटे. आम्ही दोन्हीकडच्या पांढऱ्या मुळ्या खणून ओल्या फडक्यात गुंडाळून ओळखीच्या एका प्राध्यापकांकडे नेल्या. त्यांनी मुळ्या कॉस्टिकच्या पाण्यात उकळल्या, धुतल्या आणि साध्या शाईत व्हिनेगर घालून त्यात पुन्हा उकळल्या. शाई-व्हिनेगरची ही स्वस्त रीत १९९८ पासून प्रचारात आहे. मुळी पारदर्शक होते आणि बुरशी तेवढी निळी राहते. सूक्ष्मदर्शकाखाली मक्याच्या पट्ट्यातल्या मुळीत निळे तंतू आणि झुडपे दाट दिसली. दुसऱ्या मुळीत शोधावी लागली. आमच्या आयुष्यात ही बुरशी आम्ही पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली ती त्या दिवशी. तोवर नुसत्या पुडीवरच्या चित्रात पाहिली होती.

एका वावरावरून नियम बांधू नये हे आम्ही जाणतो. मक्याच्या मुळ्यांनी पुरात दबलेली माती मोकळी केली असेल, तोही भाग असणार. वजनकाट्यावर किती फरक पडला असता तेही सांगता येत नाही, कारण तोच ऊस जुलै २०२१ च्या पुरात पुन्हा सापडला आणि दोन्ही भाग सारखेच झाले. पण अमेरिकेत १९९३ साली मिसिसिपी-मिसुरी नद्यांना मोठा पूर आला, तेव्हा हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर घडली होती. पुरामुळे तिथली राने त्या हंगामात बिनपेरलेली राहिली. दुसऱ्या वर्षी त्या रानांत मका जांभळा आणि खुजा आला. जमिनीत स्फुरद असूनही पिकाला मिळेना. तपासणीत मुळ्यांत बुरशी कमी निघाली. ज्यांच्या रानात पुरानंतर काहीतरी उगवलेले होते त्यांना हा त्रास कमी झाला. तेव्हा तात्यांचे रान काही जगावेगळे नव्हते.

यातून आम्ही एक गोष्ट पक्की धरली आहे. पूर उतरून वाफसा आला की रान मोकळे सोडू नये. मका, कडवळ, ताग, धैंचा, हरभरा, जे हाताशी असेल ते टाकावे. बी महाग वाटले तर दाट नको, विरळ टाका. रानात जिवंत मुळी राहिली पाहिजे. ताग-धैंच्याने हिरवळीचे खत मिळते ते वेगळेच. मात्र एक पथ्य आहे. मोहरी, कोबी, फ्लॉवर, मुळा ही मंडळी या बुरशीला थारा देत नाहीत. राजगिरा, पालक, चाकवत, बीट हेही त्याच पंगतीतले. बीट तर साखरेचे पीक, शिवाय क्षार सोसण्यात उसापेक्षा कितीतरी पुढे, पण ते आपल्या बळावर जगते, बुरशीची सोबत घेत नाही. कोबी-फ्लॉवरनंतर लगेच ऊस लावायचा असेल तर बुरशीच्या दृष्टीने ते रान पडीकच समजावे. हळद, सोयाबीन, भुईमूग, कांदा यांच्यानंतर तशी भीती नाही. आणि खोडवा चांगला राखणाऱ्यांना तर याची काळजीच नको. तिथे जुनी मुळी जाते तोवर नवी आलेली असते, बुरशीचे जाळे मोडत नाही.

आता तिसरे दुखणे, क्षाराचे. आणि आमच्या चुकीची हकिगतही इथलीच.

ऊस क्षाराच्या बाबतीत नाजूक पीक आहे. जमिनीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता १.७ डेसीसायमनच्या पुढे गेली की उसाचे उत्पादन घटू लागते. बिटाला हीच मर्यादा ७ पर्यंत चालते. (आपल्या माती अहवालात बहुधा माती आणि पाणी यांच्या पातळ द्रावणाचा आकडा असतो, तो यापेक्षा कमी येतो. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून समाधान मानू नये.) खारवट रानात पाणी डोळ्यांपुढे असते, पण मुळीला ते ओढता येत नाही. क्षार पाणी धरून ठेवतात. वर सोडियम मुळीत घुसते आणि पोटॅशची जागा बळकावते. मग पाने टोकाकडून कडेकडेने करपत येतात. बुरशी इथे खरोखर मदत करते. सोडियमचा काही भाग ती आपल्याच अंगात आणि मुळीत अडवते, पानांपर्यंत पोटॅश जास्त आणि सोडियम कमी पोचते, आणि स्फुरद मिळत राहिल्याने पिकाचा जोम टिकतो. अनेक पिकांवरच्या प्रयोगांत हे दिसले आहे, त्याबद्दल वाद नाही. विक्रेते सांगतात ते इथपर्यंत खरे असते.

काही वर्षांपूर्वी ओढ्याकडेच्या सखल रानाचे एक सभासद आमच्याकडे आले. उन्हाळ्यात रानावर मिठासारखी पांढरी खपली येई, ऊस कमरेच्या वर जात नसे. पुडी त्यांनी आणलीच होती. आम्ही पुडीवरचा मजकूर वाचला, क्षारावर गुणकारी असे छापलेले होते, आणि 'टाका' म्हणालो. रान पाहायला गेलो नाही. त्यांनी एकराला सांगितली त्याच्या दुप्पट पुडी टाकली. श्रावणात ऊस पिवळा पडल्यावर आम्ही गेलो आणि सरीत खड्डा घेतला. हाताच्या कोपरापर्यंत खणले नाही तोच तळातून पाणी वर आले. मुळ्या काळ्या, बोटात धरल्या की साल निसटून येत होती, आणि कुजक्या अंड्यासारखा वास. मुळीला जसा श्वास लागतो तसाच बुरशीलाही लागतो. पाण्याने भरलेल्या मातीत हवा नाही, तिथे दोघीही गुदमरतात. त्या सभासदांनी आम्हांला दोष दिला नाही, पण एक वाक्य बोलले ते आजही टोचते : "साहेब, औषध चांगलं आसंल, पन पेशंटच बुडाल्याला हुता." मिरज हे दवाखान्यांचे गाव, इथल्या माणसाला डॉक्टरची चूक बरोबर कळते.

क्षारपड रानात पहिले काम निचऱ्याचे. बुरशी पिकाला क्षार सोसायला बळ देते. रानातले क्षार काढून टाकत नाही. ते पाण्याबरोबर आले आणि पाण्याबरोबरच जायला हवेत, आणि त्यासाठी पाण्याला वाट हवी. उघडा चर काढा किंवा जमिनीखालून सच्छिद्र पाईप टाका. पाणी ओढ्या-नाल्यापर्यंत गेले पाहिजे. आपल्या तालुक्यातच कसबे डिग्रज येथे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे. तिथे जमीन आणि निचरा या विषयातली जाणकार मंडळी भेटतात. सभासदांनी संकोच न करता जावे. शेजारच्या शिरोळ तालुक्यात दत्त कारखान्याने शेतकऱ्यांना एकत्र घेऊन सामुदायिक निचऱ्याचे काम उभे केले, ते तर एकदा डोळ्यांनी पाहून यावे असे आहे. जिथे शेतकरी एकटा होता तिथे पाईप बांधापर्यंत गेला आणि थांबला. एकत्र आले तेव्हाच पाणी बाहेर पडले. जमीन नुसती खारवट नसून चोपण झाली असेल, म्हणजे सोडियम मातीलाच चिकटले असेल, तर निचऱ्याच्या जोडीला माती अहवालाप्रमाणे जिप्सम लागेल. वाणाचीही निवड करावी. पाडेगाव केंद्राने दिलेला फुले २६५ अशा रानात इतरांपेक्षा बरा तग धरतो. एवढे झाल्यावर, क्षार उतरणीला लागल्यावर, बुरशीची पाळी येते. तेव्हा ती द्यावी, जरूर द्यावी. कारण वर्षानुवर्षे पाणथळ राहिलेल्या रानात मूळची बुरशी फार थोडी उरलेली असते.

द्यायची ती कशी, यावर बरेच सभासद विचारतात म्हणून थोडक्यात सांगतो. पानांवर फवारून काही उपयोग नाही. बुरशी मुळीला भेटली पाहिजे. कांडीने लागण करत असाल तर सरीत कांडीच्या खाली पडावी. बेणेप्रक्रियेला कार्बेन्डाझिम वापरतो ते काणी व अननस रोगासाठी आवश्यकच आहे, पण त्या द्रावणात व्हॅमची पुडी मिसळू नये. कार्बेन्डाझिमला चांगली बुरशी आणि वाईट बुरशी यांतला फरक कळत नाही. अशा बेण्याला बुरशी नंतर, मुळ्या फुटल्यावर बाळबांधणीच्या वेळी मुळीलगत द्यावी.

आमच्या मते तिचा सगळ्यात रास्त उपयोग आहे तो रोपवाटिकेत. अलीकडे एक डोळ्याची रोपे ट्रेमध्ये करून लावण्याची पद्धत आपल्या भागात फार वाढली. ट्रेमध्ये माती नसते, कोकोपीट असते, आणि त्यात ही बुरशी नसते. म्हणजे रोप महिना-सव्वा महिन्याचे होईपर्यंत त्याला सोबतीच भेटलेला नसतो. ट्रे भरतानाच कोकोपीटमध्ये बुरशीचे खत मिसळले तर एकराला लागणाऱ्या पुडीच्या मानाने फारच थोडे पुरते आणि रोप बुरशी घेऊनच रानात जाते. रोपवाटिका चालवणाऱ्या सभासदांनी हे करून पाहावे. विकत घेताना पुडीवर बॅच नंबर, तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख बघावी; मायकोरायझा हे खत नियंत्रण आदेशाखाली येणारे जैविक खत आहे, तेव्हा पावती मागायला लाजू नये. उन्हात ठेवलेली पुडी घेऊ नये.

ज्यांना खर्च नको त्यांना घरीही वाढवता येते. मीटरभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा घ्यावा, तळाला प्लॅस्टिक अंथरावे, वाळू आणि चाळलेली माती भरावी. त्यात एखादी चांगली पुडी किंवा आपल्याच निरोगी रानातल्या जोंधळ्याच्या मुळ्या मातीसकट मिसळाव्यात. दुसऱ्याच्या रानातली माती आणू नये, तिच्याबरोबर सूत्रकृमी येतात. वर मका दाट पेरावा, सुपर अजिबात घालू नये. दोन महिन्यांनी पाणी तोडावे. पीक सुकू लागले की बुरशी संकट ओळखून भराभर बीजाणू धरते. आठ-दहा दिवसांनी वरचा मका म्हशीला कापून घालावा, खालच्या मुळ्या बारीक तोडून त्याच मातीत मिसळाव्यात आणि ती माती रोपांच्या खड्ड्यात मूठ-चिमूट टाकावी. तात्यांनी गेल्या दोन लागणींना असे केले आहे. खड्डा त्यांनी गोठ्यामागे केला आहे, पाहायचा असेल त्यांनी आम्हांला सांगावे, घेऊन जाऊ.

ज्यांच्या लागणीत पाने जांभळट दिसत असतील त्यांनी गट ऑफिसला येताना पाने तोडून आणू नयेत. पानांवरून आम्हांला फार काही सांगता येत नाही. पांढरी मुळी आणावी, ओल्या फडक्यात गुंडाळून, सोबत मूठभर माती; आणि त्या रानात मागच्या वर्षभरात काय काय होते ते कागदावर लिहून आणावे.

ओढ्याकाठच्या त्या सभासदांनी नंतर पुडी घेतलेली नाही. त्यांना चर काढायचा आहे. ओढ्यापर्यंत जायला मध्ये तिघांचे बांध लागतात. दोघांनी होकार दिला आहे. तिसऱ्यांशी बोलणे चालू आहे. तेही आपले सभासद आहेत आणि हा अंक त्यांच्या घरीही जातो.